फरदडीचं पाणी

पंचायत समितीचा सभापती काय करतो, असं कुणी विचारलं की मला कायद्याचं पुस्तक आठवत नाही. काकूंच्या ओसरीपुढच्या चपला आठवतात. सकाळी चूल पेटायच्या आत तिथं चपला जमायच्या. शाळेचं छप्पर गळतं. हापशीचा दांडा तुटला. दवाखान्यात डॉक्टर बसत नाही. बैल मेला. पोरीला सासरच्यांनी हाकललं. जावयाला शिपायाची जागा पाहिजे. यातलं निम्मं सभापतीच्या हातात नसतं, आणि उरलेलं करायला वरच्या साहेबाचा मूड लागतो. तरी चपला यायच्या. काकू पदर खोचून भाकरी थापत थापतच ऐकायच्या आणि तव्यावरची भाकरी उलटताना म्हणायच्या, "होते का पाहू. नाई झालं तं नाई म्हून सांगीन, लटकवून नाई ठेवनार."

त्या माझ्या सख्ख्या काकू नाहीत. दारं समोरासमोर, म्हणून काकू. आधी बचत गट चालवला, मग सरपंच झाल्या, मग पंचायत समितीवर निवडून आल्या. तिथून सभापती झाल्या तेव्हा काकांनी एक पांढराशुभ्र शर्ट शिवून घेतला. बाईच्या नावावर नवरा कारभार करतो हे त्यांनी आजूबाजूला पाहिलेलं, आपलंही तसंच होणार असं धरून चाललेले. पहिल्या सभेला ते काकूंच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले. काकूंनी माईक हातात घेऊन विचारलं, "तुमी कोन्या गावातून निवडून आले?" सगळं सभागृह हसलं. काका उठून बाहेर गेले. तो शर्ट नंतर फक्त लग्नांना निघाला.

मी तेव्हा शेतकऱ्यांच्या एका लहान संघटनेत होतो. संघटना म्हणजे आम्ही काही पोट्टे, एक डफडं आणि नांदुऱ्याच्या छापखान्यात छापलेली पिवळी पत्रकं. मला लिहायला त्या पत्रकांनी शिकवलं. पान लहान, राग मोठा, म्हणून वाक्य तोडून लिहायचं. शिवी द्यायची नाही, पण शिवीइतकं झोंबलं पाहिजे. काकूंवरही मी दोन-तीनदा लिहिलं होतं. शाळेच्या छपरावर लिहिलेलं पत्रक त्यांनी ऑफिसच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. येणाऱ्याला दाखवायच्या, "हे आमच्या समोरच्या पोट्ट्यानं लिहेल हाय. चहा माह्या घरी पेते अन् लिहिते माह्यावरच."

जिल्ह्याचं ठिकाण बुलडाणा घाटावर. आम्ही घाटाखाली, उत्तरेच्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. वरून निघालेली कोणतीही गोष्ट आमच्यापर्यंत शेवटी पोचते: डांबर, डॉक्टर, एसटी. एक तलाव तेवढा आमचा स्वतःचा. डोंगरातून उतरणारा नाला अडवून बांधलेला. त्याच्या दरवाजाला लोखंडी चाक आहे. कागदावर ते चाक फिरवायचा अधिकार अभियंत्याचा. पण अभियंता घाटावर, आणि सभापतीचा फोन आल्याशिवाय तलावाचा चौकीदार चाकाला हात लावत नसे. इतक्या मोठ्या सरकारातली ही एक गोष्ट काकूंच्या हातात होती. सगळं त्या चाकावरूनच झालं.

माझ्या वयाच्या पोरांनी कंपनीच्या पाकिटातल्या बियाण्याच्या कापसाशिवाय दुसरा कापूस पाहिलाच नाही. पाकिटावर पांढऱ्याधोप बोंडाचं चित्र. अळी मारायचं विष झाडातच आहे, फवारणीची कटकट गेली, असं सांगून तो विकला. काही वर्षं अळी गेलीही. मग ती परत आली, गुलाबी होऊन, आणि आली ती थेट बोंडाच्या आत. बाहेरून बोंड टणक, हिरवं, देखणं. फोडलं की आत सडका काळा लगदा आणि त्यात वळवळणारी ती. आमच्याकडे ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात आली त्या साली माणसं वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून नुसती बोंडं फोडत होती. पाकीट विकणारे काय म्हणाले? तुमचीच चूक. सरकार काय म्हणालं? चौकशी करू. मी त्यावर पत्रक काढलं. उत्तर आजवर आलेलं नाही.

सभापतीच्या कामांपैकी एक काम कोणत्याच नियमात लिहिलेलं नाही. कापसाची पहिली वेचणी सुरू करायच्या आधी आमच्याकडे वावरात सीतादही करतात. एका पऱ्हाटीच्या बुडाशी सात खडे मांडायचे, हळद-कुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड. मग घरची बाई उमललेल्या बोंडातून कापूस न तोडता ओढत नेते आणि त्या धाग्याचा वेढा आजूबाजूच्या पऱ्हाट्यांना घालते. धागा लांब निघाला की वेचणी चांगली होणार. काकू सभापती झाल्या आणि हा धागा ओढायला त्यांना गावोगावहून बोलावणं यायला लागलं. हात चांगला आहे म्हणायचे. सरकारी गाडी धुऱ्याशी उभी, आणि सभापतीबाई चपला काढून चिखलात. पंचायत समितीत डोंगराकडच्या गावाची एक सदस्य होती, काकूंहून लहान, सारखी त्यांच्या मागे मागे. तिच्या वावरात काकूंनी ओढलेला धागा एवढा लांब निघाला की ती रडायलाच लागली होती. म्हणाली, "काकू, दरसाली तुमीच याचं."

बोंडअळीच्या त्या पहिल्या सालानंतरचा हिवाळा. दिवेलागणीची वेळ होती. शाळेच्या छपराचं काय झालं म्हणून विचारायला मी समोर गेलो. काकूंनी ओसरीवरचा बल्ब लावला आणि बल्बकडे पाहत तशाच उभ्या राहिल्या. बल्बभोवती बारीक करडी पाखरं घिरट्या घालत होती. थंडीत दिव्यावर एवढी पाखरं आम्ही कधी पाहिली नव्हती. एक त्यांच्या पदरावर बसलं. त्यांनी ते चिमटीत धरून माझ्या तळहातावर ठेवलं.

"काय हाय हे?"

"पाखरू हाय."

"बोंडअळीची माय हाय ते. आता अंडे द्याले वावर हुडकून राह्यली."

आतून काका म्हणाले, "दिवा बंद कर ना मंग. दिसनच नाई."

मी हसलो. काकू हसल्या नाहीत. त्या वळून आतल्या अंधाराकडे बघत राहिल्या, आणि काकांचा आवाज त्यानंतर आला नाही. त्याचं कारण मला पुढच्या आठवड्यात कळलं.

ज्यांनी कापूस केलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डिसेंबर सरता सरता पऱ्हाटीचं मुख्य वेचणं होऊन जातं. तेव्हा ती उपटून टाकायची असते. पण झाड अजून जिवंत असतं. त्याला एक पाणी दिलं, मूठभर युरिया टाकला की ते पुन्हा पालवतं, फुलतं, उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा थोडा कापूस देतं. ही फरदड. नांगरट नाही, नवं बी नाही, पेरणी नाही. आयतं पीक. ज्याचा पहिला कापूस अळीनं खाल्ला त्याला तर ती देवानं दिल्यासारखी वाटते. पण त्याच हिरव्या बोंडांत अळीही जगते. फरदड नसली तर अळीला दोन-तीन महिने खायला काही नाही, ती मरते. फरदड उभी असली तर ती आरामात पुढच्या पेरणीपर्यंत पोचते. एवढं साधं. एका बाजूला या उन्हाळ्यातला थोडा कापूस, दुसऱ्या बाजूला पुढच्या सालचा सगळा.

आणि तलाव त्या वर्षी तुडुंब होता.

मासिक सभेत विषय निघणार हे सगळ्यांना माहीत होतं. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. कृषी अधिकाऱ्यांनी फरदड घेऊ नये अशी सूचना वाचली, दरवर्षी वाचतात त्याच आवाजात, आणि चष्मा काढून पुसायला घेतला. मग उपसभापती उठले. त्यांचं बाजाराच्या गावात बी-बियाण्याचं आणि औषधांचं दुकान. पाकीटही तेच विकणार, अळी आली की फवाराही तेच विकणार. बोलायला गोड माणूस.

"सभापती मॅडम," ते म्हणाले, "तलावात पानी हाय, वावरात पऱ्हाटी उभी हाय, शेतकऱ्याचं तोंड सुकलेलं हाय. चाक फिरवाले काय अडचन हाय, तेवढं सांगा."

काकू म्हणाल्या, "गहू-हरभऱ्याले पानी देऊ. कापूस ज्यानं उपटला त्याच्या वावरात पानी जाईन. फरदडीले एक थेंब नाई."

एकच गलका झाला. कुणी टेबल वाजवलं. कुणी म्हणालं, गहू पेरायची वेळ निघून गेली. ते खोटं नव्हतं. बऱ्याच जणांना आता काहीच पेरता येणार नव्हतं. उपसभापतींनी गलका संपू दिला आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "बरोबर हाय मॅडम. पहिले आपल्या घरच्या वावरात जाऊन या. हिरवीगार उभी हाय. काकासायबानं मांगच्या पंधरवड्यातच विहिरीचं पानी देल्लं."

काकूंना माहीत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते सगळ्या सभागृहाला कळलं. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"उद्या सकाळी उपटीन," त्या म्हणाल्या. "या पाह्याले."

"पाहू ना. उपटाची सवय लागू द्या मॅडम. उद्या पऱ्हाटी, परवा खुर्ची." सभागृह हसलं. पहिल्या सभेला काकूंच्या बाजूनं हसलेले हेच लोक.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाडीजवळ गाठलं. मला राग आला होता, आणि तो नेमका कुणावर हे मी तेव्हा ठरवलेलं नव्हतं.

"काकू, शेतकऱ्याले उपट म्हनता. बरोबर हाय, आमी बी पत्रकात तेच लिहिलं. पन ज्यानं पाकीट विकलं त्याले कोन विचारनार? त्याची भरपाई कोन देनार?"

"सभेचा ठराव करून वरतं धाडला."

"मंग?"

"वरतंच हाय अजून."

"मंग इथल्याच लोकायच्या पोटावर पाय?"

त्या थांबल्या. ड्रायव्हरनं दार उघडलं होतं, ते त्यांनी लावून टाकलं. "तू लिहीत राह्य. मले कंपनीचं दार दिसत बी नाई इथून. माह्या हातात तलावाचं चाक हाय. ते फिरवलं तं पुढच्या साली या अख्ख्या पट्ट्यात कापूस नाई राह्यनार. नाई फिरवलं तं मी नाई राह्यनार. हे कळते मले, बाप्पा. कोनी समजावून नको सांगू."

इतकं उघड त्या कधी बोलल्या नव्हत्या. ड्रायव्हरनं ते ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येकाला कळलं की पणाला काय लागलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी वावराच्या धुऱ्यावर माणसं जमली. तमाशाला जमतात तशी, बिड्या पेटवून. काका घरातून आलेच नाहीत. काकूंनी लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि पऱ्हाटी उपटायचा लोखंडी चिमटा पहिल्या झाडाच्या बुडाशी लावला. झाड चांगलं होतं. वर पिवळी फुलं, मध्ये हिरवी बोंडं, खाली दोन-चार उमललेली. जिवंत झाड उपटताना मुळं तुटायचा एक आवाज येतो, जुनं कापड फाडल्यासारखा. तो आवाज आला आणि धुऱ्यावरची बडबड थांबली.

त्यांनी एक हिरवं बोंड तोडलं, दाताखाली फोडलं आणि सगळ्यांपुढे धरलं. आत गुलाबी अळी. दुसरं फोडलं, आत अळी. तिसरं चांगलं निघालं.

"हे पाहा, हे चांगलं हाय ना," एक म्हातारा म्हणाला. "याच्यासाठीच तं ठेवतो आमी."

त्याला कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या मनातलंच तो बोलला होता.

शेजारचं वावर चाचांचं. चाचा आधी नांदुऱ्याला कापसाचा व्यापार करत, वय झाल्यावर वावरात आले. त्यांच्या वावरातही फरदड उभी. ते धुऱ्यावर बसून काकूंकडे बराच वेळ पाहत राहिले, मग उठून घरून आपला चिमटा घेऊन आले. "सभापतीबाई, तुमच्या खुर्चीचं मले काई घेनं नाई," ते म्हणाले. "पन तुमी इथून उपटान अन् मी इथं ठेवीन, तं तुमच्या अळ्यायची सगळी फौज माह्याच वावरात येईन. येवढी मेहमानी मले परवडत नाई." तेवढ्यापुरते लोक हसले, आणि मग आपापल्या उभ्या फरदडीकडे निघून गेले. त्या दिवशी त्या दोन वावरांखेरीज कुणीही काही उपटलं नाही. मी चाचांच्या वावरात काम केलं. तळहात सोलून निघाले. दुपारी पाहिलं तर आजूबाजूला सगळं हिरवं, आणि मध्ये ही दोन मोकळी वावरं, केस भादरलेल्या डोक्यासारखी.

त्यानंतर सदस्य गायब झाले.

हा आमच्याकडचा ठरलेला रिवाज आहे. कुणाला खुर्चीवरून काढायचं असलं की अविश्वास ठरावाची नोटीस द्यायची आणि सदस्यांना जीपमध्ये भरून देवदर्शनाला न्यायचं. मतदानाच्या दिवशीच परत आणायचं, मध्ये कुणी फुटू नये म्हणून. कोणत्या देवाला नेलंय ते कुणालाच ठाऊक नसतं, फोन बंद असतात. ते दिवस पंचायत समितीत भयाण होते. सभागृहाला कुलूप. शिपाई उन्हात बसलेला. काकू मात्र रोज ऑफिसात जात, काम करत. ओसरीपुढच्या चपला एकेक करून कमी होत गेल्या. हापशी तुटलेलीच, छप्पर गळतच, पण ते सांगायला आता उपसभापतींच्या दुकानाकडे जायचं हे लोकांना कुणी सांगावं लागलं नाही.

एका सकाळी काकूंनी मला विचारलं, "डोंगराकडची बाई बी गेली का रे?"

"गेली, काकू."

"तिच्या पोराची तब्येत बरी नोयती. दवाखान्यात नेलं का तिनं, मालूम हाय?"

मला माहीत नव्हतं. मी चिडून म्हणालो, "तुमाले पाडाले गेली ते बाई, अन् तुमी तिच्या पोराचं काय विचारून राह्यल्या?"

"तुले काऊन राग येते बे? पोरगं काई ठरावात नाई तिचं."

मतदानाच्या दिवशी जीपा आल्या. सगळ्यांच्या कपाळाला एकाच रंगाचा टिळा, सगळ्यांच्या गळ्यात एकसारखी रुद्राक्षाची माळ. शाळेची सहल उतरावी तसे रांगेनं उतरले. कुणी वर पाहिलं नाही. ठराव वाचला गेला: सभापती शेतकरीविरोधी आहेत. मी पत्रकं लिहून मोठा झालेला माणूस, शब्द कसा वापरतात ते मला कळतं. हा शब्द आम्ही आमच्या पत्रकांत वर्षानुवर्षं घासून धार लावून ठेवला होता, आणि तो उचलून बियाण्याच्या दुकानदारानं काकूंवर चालवला. हात वर करायला सांगितलं. डोंगराकडच्या बाईनं हात सगळ्यात शेवटी वर केला, कोपरातून वाकवून, खांद्याच्या वर जाणार नाही इतकाच. मोजणाऱ्या साहेबांनी विचारलं, "तुमचा हात आहे का?" तेव्हा तिनं तो पूर्ण वर नेला.

काकूंनी काचेखालचं माझं पत्रक काढून घेतलं, पिशवीत टाकलं आणि एसटीनं घरी आल्या.

उपसभापती सभापती झाले आणि त्यांनी पहिलं काम तेच केलं. तलावावर मंडप, नारळ, हार. चाक फिरताना करकरलं आणि पाणी पाटात उतरलं. माणसं पाटाच्या कडेनं पाण्यासोबत चालत होती, एखादी वरात न्यावी तशी. मी चाचांच्या मोकळ्या वावराच्या कडेला उभा होतो. पाणी आमच्यासमोरून पुढे गेलं, डावीकडे, उजवीकडे, जिथं जिथं हिरवं होतं तिथं.

"आपलं तं साफ हाय, चाचा," मी म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून.

चाचांनी पाटावरून नजर काढली नाही. "पाखरू काई धुरा पाहून बसते का, बेटा?"

फरदडीचा कापूस आला. फार नाही, पण आला. लोक खूश होते. काकूंना भेटले की मुद्दाम सांगायचे, "निंघला बरं काकू थोडाबहुत." त्या म्हणायच्या, "बरं झालं." उन्हाळ्यात संध्याकाळी गावातले दिवे लागले की प्रत्येक दिव्याखाली करडी पाखरं. किराणा दुकानदार सकाळी झाडूनं ती गोळा करून बाहेर टाकायचा. लग्नाच्या मांडवात ताटांत पडायची. गावजेवणाला बसलेली माणसं बोटानं बाजूला काढून जेवत होती. ती कशाची पाखरं आहेत हे प्रत्येकाला माहीत होतं. कुणी बोललं नाही. मी बोललो तर माझ्या पंगतीतला एकजण म्हणाला, "जेवू दे ना बे."

पुढचं सगळं जसं व्हायचं होतं त्याच क्रमानं झालं. नवी पाकिटं आली, त्यांवर तेच चित्र. पेरलं. पऱ्हाटी माणसाच्या छातीला लागली. मग फुलं आली, पण ती उघडेनात. पाकळ्या एकमेकींत अडकून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या. आमच्याकडे तिला डोमकळी म्हणतात. आत अळी असली की फूल असं मिटून राहतं. दिसायला सुंदर. मी काकूंच्या वावरात पहिली डोमकळी पाहिली आणि तोडून खिशात टाकली, जणू एक काढून टाकल्यानं काही होणार होतं. पुढच्या ओळीत दुसरी होती. मग मी पाहणंच सोडलं.

वेचणीच्या आधी काकूंनी आपल्या वावरात सीतादही केली. गाडी नाही, माणसं नाहीत. काका मात्र आले होते, दह्याचं भांडं धरून, आम्हा दोघांच्या मागे उभे. सभेतल्या त्या दिवसानंतर दोघांत फारसं बोलणं नव्हतं. काकूंनी सात खडे मांडले, हळद-कुंकू लावलं, भात ठेवला. त्यातल्या त्यात चांगलं उमललेलं बोंड शोधलं. धागा ओढायला घेतला तो वीतभर निघाला आणि तुटला. पुन्हा ओढला, पुन्हा तुटला. कापूस पिवळा पडलेला, सरकीला चिकटून कडक झालेला. त्यांनी तुटलेले तुकडे बोटांनी वळून एकमेकांना जोडले आणि जेमतेम एका पऱ्हाटीला वेढा घातला.

"लांबला," काका मागून म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. "हाव," म्हणाल्या.

आम्ही उठत होतो तेवढ्यात धुऱ्यावरून डोंगराकडची बाई आली. पायीच आली होती. काकूंच्या पाया पडायला वाकली, काकूंनी खांदा धरून उठवलं.

"पोरगं कसं हाय तुझं?"

"बरं हाय, काकू." ती वावराकडे पाहत होती, वेढा घातलेल्या त्या एका पऱ्हाटीकडे. "आमच्या वावरात बी असंच हाय. सगळंच किडलं. पहिलं वेचनं तं गेलंच म्हना."

मी मधेच म्हणालो, "मंग आता कायले आल्या? कोनाचा हात वर कराचा हाय?"

"चूप बैस बे," काकू म्हणाल्या.

बाईला राग आला नाही. ती टोमणे ऐकायच्या पलीकडे गेलेली दिसत होती. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "काकू, आता फरदडीवरच आस हाय. तलाव भरला यंदा बी. पन नवे सभापती म्हनून राह्यले, वरून सक्त आर्डर आली, यंदा फरदडीले पानी नाई. कृषीवाल्यानं दटावलं म्हने. आमी चार बाया जाऊन आलो, उभं बी नाई केलं दुकानात." ती थांबली. "तुमी त्याइच्याशी बोलान का? तुमचं ऐकतीन. जुन्या सभापती हा तुमी. तेवढं पानी सोडाले सांगा ना."

काका भांडं घेऊन तसेच उभे होते. चाचा आपल्या वावरात वेचायला वाकलेले, ते सरळ झाले आणि आमच्याकडे पाहू लागले. उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी तलावाची मातीची भिंत दिसत होती, आणि तिच्या मागचं पाणी दिसत नसलं तरी ते काठोकाठ आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

काकू खाली बसल्या. उरलेला दहीभात त्यांनी बाईच्या हातावर ठेवला. "आंधी जेव," म्हणाल्या. "चालत आली तू."

बाई धुऱ्यावर बसून जेवू लागली. खाता खाता पुन्हा म्हणाली, "सांगसान ना, काकू?"